आजारांना चिकटलेली आडनावं: नवीन असाल तर सुरुवात इथून करा

मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या कामाला लागले तेव्हा कॉमर्सची डिग्री आणि टायपिंगचा बरा स्पीड एवढंच भांडवल होतं. डॉक्टर ऑडिओत बोलणार, आपण ऐकून रिपोर्ट टाइप करायचा. हाडं, स्नायू, औषधं महिना-दोन महिन्यांत जमायला लागली, कारण त्या शब्दांना आतून काहीतरी धागा असतो, कार्डिओ म्हटलं की हृदय, नेफ्रो म्हटलं की किडनी, शेवटी आयटिस आलं की सूज. पण मध्येच कुणाचं तरी आडनाव आलं की गाडी अडायची. पार्किन्सन, अल्झायमर सगळ्यांच्या कानावरून गेलेत म्हणून निभतं, बाकीच्यांचं काय? नावावरून आजार पोटाचा की मेंदूचा याचाही पत्ता लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. पेशंटचं बीपी तीन-तीन गोळ्या घेऊनही उतरत नव्हतं, पोटॅशियम कमी, ॲड्रिनल ग्रंथीवर छोटी गाठ, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले "कॉन्स सिंड्रोम". मला क्रोन हे एकच नाव माहीत होतं, म्हणून बिनधास्त क्रोन टाइप केलं. एडिटरने रिपोर्ट लाल करून परत पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "यात आतडं कुठून आलं?" कॉन म्हणजे ॲड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त सुटण्याचा आजार आणि क्रोन म्हणजे आतड्याच्या सुजेचा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तर अशा माणसांच्या नावावरून पडलेल्या शब्दांना एपोनिम म्हणतात. तुम्ही मेडिकल किंवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असाल, कोडिंग-ट्रान्सक्रिप्शनमध्ये नवीन असाल, किंवा घरातल्या कुणाचा रिपोर्ट हातात घेऊन बसला असाल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

आधी हे जवळ ठेवा

- एक वही, पानावर पाच रकाने आखून: नाव, पुढचा शब्द, शरीराचा भाग, वर्णनाचं नाव, कोड
- मेडिकल डिक्शनरी, उच्चार ऐकवणारी मिळाली तर फारच छान
- आयसीडी कोडची (आजारांना दिलेल्या आंतरराष्ट्रीय कोडची) यादी, ऑनलाइन फुकट शोधता येते
- ऑफिसचं किंवा कॉलेजचं स्टाइल गाइड असेल तर ते
- आणि अख्खा रिपोर्ट, नुसतं ते एक वाक्य नाही

१) आडनावाच्या पुढचा शब्द आधी वाचा

माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे आणि नवीन माणूस नेमकं उलटं करतो, आडनाव पाठ करत बसतो आणि पुढचा शब्द सोडून देतो. डिसीज, सिंड्रोम, साइन, टेस्ट, पोझिशन, फ्रॅक्चर, ट्यूब, यातलं काय आहे ते आधी बघा.

ट्रेंडेलेनबर्ग घ्या. हे एक जर्मन सर्जन. ट्रेंडेलेनबर्ग पोझिशन म्हणजे पेशंटला डोकं खाली आणि पाय वर असं टेबलावर झोपवणं. ट्रेंडेलेनबर्ग साइन म्हणजे एका पायावर उभं केल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते, खुब्याचे स्नायू कमजोर असल्याची ती खूण. आणि ट्रेंडेलेनबर्ग टेस्ट म्हटलं की बहुतेक वेळा पायातल्या फुगलेल्या शिरांची तपासणी. माणूस एकच, पण एक गोष्ट ऑपरेशन थिएटरमधली, एक खुब्याची, एक शिरांची. तुम्ही नुसतं "ट्रेंडेलेनबर्ग" लिहून ठेवलंत तर वहीत काहीच लिहिलं नाही असं समजा.

फोलीज कॅथेटर, राइल्स ट्यूब ही नावं तर वॉर्डात दिवसभर कानावर पडतात आणि ती माणसांची आहेत हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ज्याला सगळे आरएल म्हणतात त्या सलाइनमधला आर म्हणजे सिडनी रिंगर. लॅक्टेट त्यात नंतर हार्टमन यांनी घातलं, म्हणून काही देशांत त्याच बाटलीला हार्टमन सोल्यूशन म्हणतात.

२) ते खरंच माणसाचं नाव आहे का?

कॅपिटल अक्षर किंवा परका शब्द दिसला की आपण समजतो कुणीतरी डॉक्टर असणार. दरवेळी नसतो.

लाइम हे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं गाव. इबोला नदी, झिका युगांडातलं जंगल. टाकोत्सुबो ऐकून मी जपानी डॉक्टर शोधत बसले होते, तर निघालं ऑक्टोपस पकडायचं मडकं, कारण त्या आजारात हृदयाचा डावा कप्पा फुगून तसा दिसतो. मोयामोया पण माणूस नाही, जपानीत धुराच्या वलयासारखं अस्पष्ट काहीतरी, ॲन्जिओग्राफीत मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तसं दिसतं. पण कावासाकी, हाशिमोटो, ताकायासू हे तिघं मात्र खरोखरचे जपानी डॉक्टर.

याच्या उलट सापळा म्हणजे ॲपगार. बाळ जन्मल्यावर एका आणि पाच मिनिटांनी जो दहापैकी स्कोअर देतात तो. याचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक तपासणी, अपिअरन्स, पल्स वगैरे, असं शिकवतात आणि सगळे तो शॉर्टफॉर्म समजून पूर्ण कॅपिटलमध्ये लिहितात. मुळात व्हर्जिनिया ॲपगार नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी तो १९५२ साली तयार केला, अक्षरांची ती जुळवाजुळव लक्षात राहावी म्हणून दहा वर्षांनी कुणीतरी केली. पहिलं अक्षर फक्त कॅपिटल.

आणखी एक, नाव माणसाचं असलं तरी तो डॉक्टर असेलच असं नाही. हिमोफिलिया बी या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराला ख्रिसमस डिसीज म्हणतात, त्याचा नाताळशी संबंध नाही, स्टीफन ख्रिसमस नावाच्या लहान मुलावरून ते नाव १९५२ मध्ये पडलं. (आता त्या आजारावरचा लेख छापला गेला नाताळच्याच आठवड्यात, त्यामुळे घोटाळा वाढला.) लू गेरिग हा बेसबॉल खेळाडू, त्याला १९३९ मध्ये एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराचं निदान झालं आणि अमेरिकेत तो आजार त्याच्या नावाने ओळखला जायला लागला.

३) माणसं मोजा

स्टीव्हन्स-जॉन्सन, दोन डॉक्टर. शार्को-मेरी-टूथ, तीन डॉक्टर, आणि तो टूथ म्हणजे दात नव्हे, हॉवर्ड टूथ नावाचा इंग्रज माणूस. मी हा आजार पहिल्यांदा ऐकला तेव्हा डेंटलची फाइल चुकून आपल्याकडे आली असं वाटलं होतं, प्रत्यक्षात हा हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार आहे.

साधा नियम असा की दोन-तीन माणसं असली की मध्ये हायफन. रॅमसे हंट हा एकच माणूस, हायफन नाही. ऑस्टिन फ्लिंट एकच, आर्गाइल रॉबर्टसन एकच. हा नियम मोडणारं एक नाव आहे ते आत्ताच लिहून घ्या, ब्राउन-सेकार. हायफन आहे पण माणूस एकच, त्याचं आडनावच जोडाचं होतं. मज्जारज्जू एका बाजूने अर्धा कापला गेला की होणाऱ्या सिंड्रोमला त्याचं नाव आहे.

४) कानावर पडलेलं नाव स्पेलिंगपर्यंत कसं न्यायचं

ही पायरी ट्रान्सक्रिप्शनवाल्यांसाठी, पण लेक्चरमध्ये नोट्स काढणाऱ्यांनाही लागते. शार्को ऐकून तुम्ही एस-एच खाली शोधणार आणि काहीही सापडणार नाही, ते सी-एच-ए-आर-सी-ओ-टी आहे. रेनो, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात तो, त्याच्या शेवटी ए-यू-डी असतं आणि डी बोलतच नाहीत. शोग्रेन एस-जे ने सुरू होतं. टीबीच्या मांटू टेस्टच्या शेवटी एक्स आहे. गिया-बारे तर विचारूच नका, गुलेन बॅरी, गिलियन बॅरे, गुइलेन बार, मी प्रत्येक डॉक्टरकडून वेगळं ऐकलंय आणि सगळ्यांना जीबीएसच (गिया-बारे सिंड्रोम) म्हणायचं असतं.

माझी पद्धत सांगते. फ्रेंच वाटणारं नाव असेल तर शेवटचं एखादं अक्षर मुकं आहे असं धरून चला, आणि नावाने शोधण्याऐवजी लक्षणांनी शोधा. "थंडीत बोटं पांढरी पडणं" एवढं टाकलं की रेनो आपोआप वर येतो. मी सुरुवातीला स्पेलिंगचे वीस-वीस अंदाज करत बसायचे, त्यात अर्धा तास जायचा.

सारखी ऐकू येणारी नावं मात्र जोडीनेच शिका:

- कॉन आणि क्रोन, वर सांगितलंच
- कुशिंग अल्सर आणि कर्लिंग अल्सर: दोन्ही पोटातले, पण कुशिंग डोक्याला गंभीर मार किंवा मेंदूचा त्रास असताना होतो आणि कर्लिंग मोठ्या प्रमाणात भाजल्यावर
- विल्सन आणि विल्म्स: पहिल्यात शरीरात तांबं साठतं, दुसरा लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर

५) आडनावाच्या शेजारी वर्णनाचं नाव लिहा

जवळजवळ प्रत्येक आडनावाला एक वर्णनाचं नाव असतं आणि ते जास्त कामाचं असतं. हॅन्सन म्हणजे कुष्ठरोग. कॉन म्हणजे प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. डाउन म्हणजे ट्रायसोमी २१. वहीत दोन्ही लिहा, कारण सीनियर डॉक्टर आडनाव घेतात आणि नवीन पुस्तकं वर्णन देतात, तुम्हाला दोन्हीकडे चालायचंय.

देश बदलला की आडनावही बदलतं हे मला फार उशिरा कळलं. थायरॉइड जास्त चालतो आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात त्या आजाराला इंग्रजीत ग्रेव्हज म्हणतात, डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी तो १८३५ मध्ये सांगितला, पण जर्मन डॉक्टर त्यालाच बासेडो म्हणतात कारण त्यांच्या कार्ल फॉन बासेडोने १८४० मध्ये तो मांडला. परदेशातला रिपोर्ट आला आणि नाव ओळखीचं वाटलं नाही तर घाबरू नका, कोड बघा. कोड नावाच्या भानगडीत पडत नाही, पार्किन्सन जी २०, क्रोन के ५०, हॉजकिन सी ८१.

हॉजकिनवरून आठवलं, थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये लिम्फ ग्रंथींच्या एका आजाराचं वर्णन केलं आणि आज जगभरात त्याचं नाव त्याच्या आजारापेक्षा "नॉन-हॉजकिन लिम्फोमा" मध्ये जास्त वेळा घेतलं जातं, म्हणजे जो त्याचा नाही त्यात. रिपोर्ट टाइप करताना तो "नॉन" गाळला की ट्रीटमेंटच बदलते, तेव्हा ऑडिओ पुन्हा ऐका.

६) एकच आडनाव, भलत्याच जागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सावकाश.

जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाच्या निपलवरच्या एका बदलाचं वर्णन केलं जो आतल्या कॅन्सरची खूण असतो, आणि १८७७ मध्ये हाडं जाड आणि वाकडी होण्याच्या आजाराचं. दोन्हींना पॅजेट डिसीज म्हणतात! म्हणजे इथे पायरी १ सुद्धा कामाला येत नाही, पुढचा शब्दही तोच. अवयव लिहिल्याशिवाय पॅजेट लिहायचंच नाही. कोडमध्ये एक सी ५० च्या घरात आणि दुसरा एम ८८.

कुशिंगचं प्रकरण अजून बारीक आहे. कुशिंग सिंड्रोम म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्याने जे काही दिसतं ते सगळं, कारण कुठलंही असो, आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइड्स. कुशिंग डिसीज म्हणजे त्यातलं एकच कारण, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ. म्हणजे डिसीजवाल्या प्रत्येकाला सिंड्रोम असतो पण सिंड्रोमवाल्या प्रत्येकाला डिसीज नसतो. आणि कुशिंग ट्रायड (ट्रायड म्हणजे एकत्र दिसणाऱ्या तीन खुणा) वेगळंच, कवटीच्या आत प्रेशर वाढलं की बीपी चढतं, नाडी मंद होते, श्वास वेडावाकडा होतो, ती इमर्जन्सी. "सिंड्रोम काय, डिसीज काय, एकच" असं म्हणून मी एकदा बदलून टाकलं होतं, तेव्हाही रिपोर्ट लाल होऊन परत आला.

शार्कोच्या दोन ट्रायड आहेत. ताप-थंडी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं, ही पित्तनलिकेच्या इन्फेक्शनची. डोळ्यांची थरथर, वस्तू घ्यायला गेल्यावर हात कापणं आणि तुटक बोलणं, ही मल्टिपल स्क्लेरोसिसची. डॉक्टर नुसतं शार्को ट्रायड म्हणतात, कुठली ते आजूबाजूच्या ओळींवरून आपण ओळखायचं. ॲडिसनचंही तसंच, ॲडिसन डिसीज ॲड्रिनलचा आणि ॲडिसन ॲनिमिया बी १२ च्या कमतरतेचा.

७) नाव अजून चालतंय का, की काढून टाकलंय

जुन्या पुस्तकावरून पाठ केलेलं नाव आज चालेलच असं नाही. रायटर सिंड्रोमला आता रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणायचं, वेगेनर ग्रॅन्युलोमॅटोसिसचं नाव २०११ मध्ये अधिकृतपणे बदलून ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस झालं. रायटर आणि वेगेनर दोघंही नाझी पक्षात होते, आणि रायटरचा तर छळछावणीतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांशी संबंध होता. ॲस्पर्गर हे निदान अमेरिकेच्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक) मधून २०१३ ला गेलं, आता ऑटिझम स्पेक्ट्रम.

तरी जुनं नाव विसरू नका, कारण २०११ च्या आधीची फाइल आली की त्यात वेगेनरच असणार. आपण मात्र नवीन लिहिताना नवीन नाव.

आणि कधी आडनावच जास्त माणुसकीचं असतं. डाउन यांनी १८६६ मध्ये स्वतः जो शब्द वापरला तो मंगोल वंशावरून होता, १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तो बदला म्हणून जाहीर पत्र लिहिलं, सह्या करणाऱ्यांत डाउन यांचा नातूही होता, आणि मंगोलियाने हरकत घेतल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला. कुष्ठरोगाचंही तेच, नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये जंतू शोधला, आणि त्या जुन्या शब्दाला चिकटलेला बहिष्कार टाळायला अनेक जण मुद्दाम हॅन्सन डिसीज म्हणतात. म्हणून सगळी आडनावं उडवा असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

८) तो शेवटचा "स"

पार्किन्सन की पार्किन्सन्स? दोन्ही चालतात, स्टाइल गाइड सांगेल तसं करा, अमेरिकेत "स" काढायकडे कल आहे. फक्त एवढं बघा की "स" मुळात आडनावातलाच आहे का. ग्रेव्हज, विल्म्स, कॉलिस ही पूर्ण आडनावं आहेत. ग्रेव्ह नावाचा डॉक्टर नव्हता, त्यामुळे अपॉस्ट्रॉफी "स" च्या आधी टाकलीत की चूक.

९) पहिला कोण यात गुंतू नका

नाव आहे म्हणजे त्यानेच आधी शोधलं असं धरू नका, आणि परीक्षेत तसं लिहूही नका. पार्किन्सनने १८१७ मध्ये सहा पेशंटवर निबंध लिहिला, त्यातले काही तर नुसते रस्त्यात दिसलेले, आणि आजाराला त्याचं नाव दिलं शार्कोने, कित्येक वर्षांनी. क्रोनचा १९३२ चा पेपर तिघांचा होता, क्रोन, गिन्झबर्ग, ओपनहायमर, नावं अक्षरांच्या क्रमाने छापली आणि सी पहिला आला. ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडणाऱ्या बाळांच्या हृदयावरचं १९४४ चं ऑपरेशन ब्लेलॉक-टॉसिग म्हणून गाजलं, पण आधी कुत्र्यांवर करून ती पद्धत बसवणारा आणि ऑपरेशनच्या वेळी सर्जन ब्लेलॉकच्या मागे उभं राहून सांगणारा व्हिव्हिअन थॉमस हा कृष्णवर्णीय लॅब टेक्निशियन नावात नव्हताच, आता कुठे ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग लिहायला लागलेत. वाचायला मजा येते, पण काम संपल्यावर वाचा.

१०) तरीही अडलंच तर

ऑडिओत घरघर होती आणि मला फक्त "...इन्स्की साइन पॉझिटिव्ह" एवढंच ऐकू आलं. बाबिन्स्की की ब्रुडझिन्स्की? मी तीसेक सेकंद मागे गेले. त्याआधीच्या वाक्यात डॉक्टर तळपायावर रेघ ओढत असते आणि अंगठा वर गेला असता तर बाबिन्स्की. पण ते पेशंटची मान पुढे वाकवत होते आणि गुडघे आपोआप वर आले म्हणत होते, म्हणजे ब्रुडझिन्स्की, मेंदूच्या आवरणाच्या सुजेची शंका. तापही होताच.

मागचं-पुढचं ऐकूनही कळलं नाही तर जागा रिकामी सोडा, बाजूला ऑडिओची वेळ लिहा आणि डॉक्टरांना विचारा. पेशंटचे नातेवाईक असाल तर कागदावर तीन प्रश्न लिहून न्या: हे कुठल्या अवयवाचं आहे, याचं दुसरं नाव काय, आणि हा आजार आहे की नुसती तपासणीतली खूण.